कुंभाराची नात, कोरियातल्या उकिरड्यावर

ऑफिसच्या कामासाठी तीन महिने कोरियात गेले आणि आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या एका हिरव्या रंगाने पार वेड लावलं. परत येताना बॅगेत एक वाडगा होता. त्या वाडग्याने आमच्या घरात चाळीस वर्षं बंद असलेला एक विषय उघडला, त्याची ही गोष्ट.

कोरियाला निघाले तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींनी भली मोठी यादी हातात ठेवली होती. शीट मास्क, सनस्क्रीन, अमुक सिरियलमधल्या तमुक पुलावरचा फोटो, आणि जमलंच तर एक कोरियन नवरा. मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटी विभागात आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर त्यांच्याशीच गोड बोलायचं. आमच्या कंपनीचं कोरियातल्या एका कंपनीशी टेक्निकल टाय-अप आहे, त्या ट्रेनिंगसाठी तीन महिने सुवॉनला राहायचं होतं.

पहिले दोन रविवार यादीत गेले. तिसऱ्या रविवारी सोलमध्ये धो धो पाऊस. खरं सांगायचं तर नॅशनल म्युझियममध्ये शिरले ती छत्री विसरले म्हणून. इछोन स्टेशनातून म्युझियमपर्यंत भुयारी रस्ता आहे, तो कोरडा होता. एवढंच कारण! तिसऱ्या मजल्यावर चिनीमातीची दालनं आहेत असं कळल्यावर म्हटलं, चला, कपबश्या बघू.

आणि मग ते ससे दिसले.

टीचभर उंची, तीन ससे

धूप जाळायचं एक छोटंसं पात्र. उंची जेमतेम १५ सेंटीमीटर. वर जाळीदार चेंडू, त्याच्या भोकांमधून धूर बाहेर यायचा. मधे कमळाच्या पाकळ्या, एकावर एक चिकटवलेल्या. आणि हा सगळा डोलारा पाठीवर पेलून बसलेले तीन इवलेसे ससे. त्यांच्या डोळ्यांत काळा ठिपका. बाराव्या शतकातलं काम आहे, कोरियाचा राष्ट्रीय ठेवा आहे वगैरे पाटीवर लिहिलं होतं. पण मी अडकले होते रंगात.

हिरवा म्हणावा तर हिरवा नाही. पोपटी नाही, शेवाळी नाही, मोरपंखी तर नाहीच. श्रावणात ढग खाली उतरले की लांबचा डोंगर जसा दिसतो ना, तसा काहीतरी. थोडा निळा, थोडा राखाडी, आणि आत कुठेतरी ओल असल्यासारखा.

फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आईने हात जोडल्याची इमोजी पाठवली (तिला ती देवाची मूर्ती वाटली). वहिनीने विचारलं, केवढ्याला? आणि मग अप्पांचा मेसेज आला. अप्पा म्हणजे माझे वडील, कराडला असतात, एसटीतून रिटायर झालेत. ग्रुपवर ते फक्त गुड मॉर्निंग लिहितात. त्या दिवशी त्यांनी लिहिलं : 'धूर कोंडून भाजलंय हे. आवा झाकला की लाल मडकं काळं होतं. यांचं हिरवं कसं झालं?'

मी तो मेसेज तीनदा वाचला.

आम्ही कुंभार. आजोबांचा आवा होता, चाक होतं, माती वाहायला दोन गाढवं होती. पण हे मला ऐकून माहीत, आणि तेही आत्याकडून. अप्पांनी वयाच्या विसाव्या वर्षी एसटीचा बिल्ला लावला आणि त्यानंतर घरात मातीचा विषय काढला नाही. शाळेत त्यांना 'गाढववाला' म्हणून चिडवायचे, असं आत्या सांगते. आम्हा भावंडांना त्यांनी चाकाला हात लावू दिला नाही, कारण दाखवायला चाकच ठेवलं नव्हतं. विकून टाकलं. आणि आता हा माणूस मोबाइलवरचा फोटो बघून सांगत होता, की आठशे वर्षांपूर्वीच्या एका भट्टीत धूर कोंडला होता.

सोमवारी ऑफिसात माझ्या टीममधल्या सनबेला (सिनिअरला तिकडे सनबे म्हणतात, के-ड्रामावाल्यांना सांगायला नको) विचारलं. ती म्हणाली, तुझे वडील बरोबर बोलले. आणि हिरवं कसं झालं ते बघायचं असेल तर गांगजिनला जा.

कोंडलेला धूर

आधी थोडी पार्श्वभूमी. कोरियात गोर्यो नावाचं राजघराणं ९१८ ते १३९२ एवढा काळ राज्य करत होतं. 'कोरिया' हे नाव त्यावरूनच आलं. राजधानी गेग्योंग, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातलं केसोंग. या काळात चहा पिणं, धूप जाळणं, बौद्ध विहार, दरबार या सगळ्यासाठी उत्तम भांडी लागायची. चीनच्या युए भट्ट्यांकडून हिरवी भांडी करायची विद्या कोरियन कुंभारांनी उचलली आणि दोनेकशे वर्षांत अशी मुरवली की खुद्द चिनी माणसंच तारीफ करू लागली.

११२३ साली शू जिंग नावाचा एक चिनी अधिकारी राजदूतांच्या तांड्यासोबत गोर्योच्या राजधानीत आला होता. परत जाऊन त्याने जो अहवाल लिहिला त्यात या भांड्यांची खास नोंद केली. इथले लोक या हिरव्या रंगाला 'बिसेक' म्हणतात, असं तो सांगतो. त्यातलं 'बि' हे अक्षर मुळात खंड्या पक्ष्याच्या पिसांसाठी वापरलं जायचं, पुढे जेडसाठीही आलं. नदीकाठी विजेच्या तारेवर बसतो ना, तोच आपला खंड्या!

इंग्रजीत या भांड्यांना 'सेलाडॉन' म्हणतात. त्याची गंमत वेगळीच. सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच कादंबरीत सेलाडॉन नावाचा प्रेमवेडा मेंढपाळ आहे, तो फिकट हिरव्या फिती लावायचा, त्यावरून हे नाव पडलं असं बहुतेक लोक मानतात. कुणी कुणी ते संस्कृत 'शिलाधर'पर्यंत ओढत नेलंय, पण ते फारसं कुणी मनावर घेत नाही. कोरियन लोक सरळ 'चोंगजा' म्हणतात.

आता अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. मातीवर चढवलेल्या झिलईत लाकडाची राख असते आणि अगदी थोडं लोखंड, साधारण एक ते तीन टक्के. भट्टीत हवा मोकळी खेळली तर लोखंडाला हवा तेवढा ऑक्सिजन मिळतो आणि रंग पिवळट-तपकिरी येतो. पण ऐन आगीत हवा तोडली, तर भुकेली आग झिलईतल्या लोखंडातला ऑक्सिजन ओढून घेते आणि तेच लोखंड हिरवं-निळं होतं. झिलईत बारीक बारीक बुडबुडे अडकलेले असतात, त्यात प्रकाश पसरतो. ती 'आतली ओल' म्हणजे हे बुडबुडे.

आजोबा काळी मडकी करताना हेच करायचे. आवा पेटला की ओला पाला, शेण, राख टाकून तोंडं बुजवायची. फक्त त्यांचा आवा सात-आठशे अंशांच्या आसपास थांबायचा आणि मडक्यावर झिलई नसायची. इथे भट्टी बाराशेच्या वर जाते. विद्या तीच, उंची वेगळी.

मी हे सगळं फोनवर अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'बाराशे? लाकूड कुठलं वापरतात?'

खोदा, भरा, खरवडा

गांगजिन कोरियाच्या पार दक्षिण टोकाला आहे. सोलहून एक्स्प्रेस बसने साडेचार-पाच तास. शुक्रवारी रात्री निघाले असते, पण एका रिपोर्टची डेडलाइन होती (ती कुठेही गेलं तरी असतेच), म्हणून शनिवारी पहाटेची बस धरली.

एका बाजूला समुद्राची खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे भातशेती. कोकणातल्या एखाद्या गावात उतरल्यासारखं वाटलं. इथे चांगली माती होती, जंगलात जळण होतं आणि माल राजधानीला न्यायला समुद्र होता. म्हणून गोर्योच्या भट्ट्या इथे फुलल्या. आजही या तालुक्यात जुन्या भट्ट्यांच्या शेकड्याने नाही तरी दीडशेच्या वर जागा सापडल्या आहेत. डोंगरउतारावर बोगद्यासारख्या लांबट भट्ट्या बांधायचे, खालच्या तोंडाशी जाळ करायचा, आग आपोआप वर चढत जायची. सादांग-री गावात गोर्यो सेलाडॉन म्युझियम आहे आणि त्याच्या आवारातच अशा एका भट्टीचे अवशेष जपून ठेवलेत.

म्युझियमच्या आवारात हौशी लोकांना काम करून बघता येतं. मला जे शिकायचं होतं त्याचं नाव 'सांगगाम'. हीच गोर्योच्या कुंभारांची खरी करामत. चीनकडून रंग घेतला, पण भांड्याच्या अंगात चित्र जडवण्याची ही पद्धत त्यांनी वाढवली आणि बाराव्या शतकाच्या मध्यापासून तिला असं काही उंचीवर नेलं की ती कोरियाची ओळख झाली. आपल्याकडे बिदरी काम असतं ना, काळ्या धातूत चांदीची वेलबुट्टी ठोकून बसवलेली? कल्पना तीच. इथे धातूऐवजी मातीत माती जडवायची.

तशी सजावटीची यादी मोठी आहे. नुसतं कोरलेलं नक्षीकाम, उठावाचं काम, जाळीकाम (ससेवालं पात्र आठवा), बदक-माकडाच्या आकाराची भांडी, लोखंडाच्या रंगाने काढलेली काळी चित्रं, तांब्याने आणलेला लाल रंग. पण सांगगामसारखं काहीच नाही.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला कोरियन पाच वाक्यं. पण काम हातानंच शिकायचं होतं. त्यांनी एक वाडगा पुढे ठेवला. अर्धवट वाळलेला, चामड्यासारखा. फार ओला असेल तर रेघ फाटते, फार सुकला तर टवका उडतो. त्यावर चित्र कोरायचं. मग कोरलेल्या खाचेत कुंचल्याने पांढरी माती भरायची. ती थोडी वाळली की वरचा जादा थर खरवडून काढायचा, खाचेतली तेवढी राहते. मग काळ्यासाठी दुसऱ्या खाचा. आणि गंमत म्हणजे त्या काळ्यासाठी भरायची माती काळी नसतेच! ती लाल असते, गेरूसारखी, लोखंडाने भरलेली. भट्टीत झिलईखाली ती काळी होते. म्हणजे कारागीर काम करत असतो तेव्हा त्याला चित्र दिसतं ते लाल-पांढरं. काळं-पांढरं-हिरवं चित्र फक्त त्याच्या डोक्यात.

हे झाल्यावर आधी सात-आठशे अंशांवर एक भाजणी, मग झिलई, मग दुसरी मोठी भाजणी. प्रत्येक टप्प्यावर बिघडायची सोय आहे. भांड्याची माती आणि भरलेली माती वेगवेगळी आकसली की चित्र उचकटून बाहेर येतं. झिलई जाड झाली की त्यामागचं चित्र धूसर. हवा शिरली की पिवळं.

मी करकोचा काढायला घेतला. गोर्योच्या भांड्यांवर ढग आणि करकोचे फार दिसतात, पाणथळ जागा, वाळुंजाची झाडं, बदकं, शेवंती, पियोनीची फुलं. दीड तासाने माझा करकोचा बगळ्यासारखा, आणि खरं सांगायचं तर बऱ्यापैकी कोंबडीसारखा दिसत होता. बाई हसल्या. माझं बोट धरून त्यांनी खाचेतून फिरवलं. एकीकडे खोल, एकीकडे उथळ. असं चालत नाही. खोली सारखी हवी, नाहीतर माती टिकणार नाही. आमच्या ऑफिसात याला टॉलरन्स म्हणतात आणि तो बघायला तीस लाखांचं मशीन आहे. बाईंकडे बोट होतं.

वीस घरांची एक बरणी

करकोच्यांवरून आठवलं. सांगगामचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे सोलच्या कान्सोंग म्युझियममधलं एक 'मेब्योंग', म्हणजे खांदे रुंद, कंबर बारीक आणि तोंड चिमुकलं अशी उंच बरणी. सुमारे ४२ सेंटीमीटर. तिच्या अंगावर गोल गोल चौकटींत करकोचे आहेत, आणि गोलांच्या बाहेरही आहेत. गोलातले सगळे वर झेपावणारे, बाहेरचे सगळे खाली उतरणारे. मोजले तर ६९ भरतात. पण बरणी फिरवत राहिलं तर संपतच नाहीत, म्हणून तिला 'हजार करकोच्यांची' म्हणतात.

या बरणीची कथा सिनेमात शोभेल अशी आहे. १९३५ साली, कोरियावर जपानचं राज्य असताना, ती एका जपानी व्यापाऱ्याकडे होती. जॉन ह्योंग-पिल नावाच्या एका तरुण कोरियन जमीनदाराने ती २० हजार वॉनला घेतली. त्या काळी तेवढ्यात सोलमध्ये वीस चांगली घरं आली असती असं सांगतात. घासाघीस केली नाही. नंतर दुप्पट किंमत सांगत एक जपानी गिऱ्हाईक आलं, तर त्याला नकार दिला. १९३८ मध्ये त्याने स्वतःचं खासगी म्युझियम उभारलं, तेच आजचं कान्सोंग. देशातला ठेवा देशात राहावा, एवढाच हट्ट.

बरणी घेतली तेव्हा त्याचं वय होतं २९. माझंही तेवढंच आहे. आणि मी त्या महिन्यात वाकडच्या वन बीएचकेचा हप्ता भरून उरलेल्या पैशांत सनस्क्रीन बसवत होते. वीस घरं!

ऑक्टोपसने दिलेली बातमी

या भांड्यांबद्दल बरीच माहिती आली ती समुद्रातून. २००७ साली कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर थेआनजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात ऑक्टोपस आला. छोट्या जातीचा, तिकडे आवडीने खातात. या ऑक्टोपसला एक सवय असते. बिळात शिरला की तो काहीतरी ओढून दार लावून घेतो. याने ओढली होती हिरवी बशी. बशी गोर्योकाळातली निघाली. मग पाणबुडे उतरले आणि बाराव्या शतकातलं बुडालेलं एक जहाज सापडलं, त्यात २० हजारांहून जास्त भांडी, एकात एक रचून बांधलेली. सोबत लाकडी पट्ट्या. कुठून निघालं, कुणाला पोचवायचं हे त्यांवर शाईने लिहिलेलं. माल गांगजिनचा, पत्ता राजधानीचा. आपल्या कुरिअरच्या स्टिकरसारखंच की! फक्त डिलिव्हरी आठशे वर्षं लेट.

पुढे त्याच भागात आणखी जहाजं मिळाली. मादो बेटाजवळच्या एका जहाजात मेब्योंग बरण्या निघाल्या, त्यांच्या गळ्यात बांबूच्या चिठ्ठ्या. एकीत मध होता, दुसरीत तिळाचं तेल. तोवर सगळे समजायचे की एवढ्या देखण्या बरण्या म्हणजे दारूच्या नाहीतर फुलदाण्या. म्युझियममध्ये काचेमागे दिवे लावून ठेवलेली वस्तू मुळात तेलाची बरणी निघाली. मला हे फार आवडलं. अप्पांना तर त्याहून जास्त. 'मग! भांडं म्हणजे भांडं. त्यात काहीतरी ठेवायचं असतं,' म्हणाले.

उकिरड्यावर

एवढी मोठी विद्या, मग गेली कुठे?

तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्या झाल्या, दरबार गांगह्वा बेटावर पळाला. चौदाव्या शतकात जपानी चाच्यांनी दक्षिण किनारा लुटायला सुरुवात केली, गांगजिनचे कुंभार आतल्या मुलखात पांगले. रंग उतरत गेला, नक्षी हाताने कोरण्याऐवजी ठशांनी उठवायला लागले. मग राजघराणंच बदललं आणि नव्या दरबाराला पांढरी शुभ्र भांडी आवडू लागली. हळूहळू हिरवी भांडी लोकांच्या स्मरणातूनही गेली. ती उरली फक्त जुन्या थडग्यांत, मेलेल्यांसोबत पुरलेली. विसावं शतक उजाडता उजाडता थडगी लुटणाऱ्यांनी ती बाहेर काढली आणि जपानी संग्राहकांनी उचलली. एक किस्सा सांगतात. कोरियाच्या राजालाच अशी भांडी दाखवली गेली, तेव्हा त्याने विचारलं की ही कुठल्या देशाची? आपल्याच मातीतलं आहे हे राजालाही ओळखता आलं नाही.

वर्ग संपल्यावर मी बाईंना खुणेनं विचारलं, रिजेक्शन किती? सवयच तशी. त्यांनी आकडा सांगितला नाही. शेडच्या मागे बोट दाखवलं. तिथे ढीग होता. फुटलेले वाडगे, वाकलेल्या बरण्या, पिवळी पडलेली झाकणं. नापास झालेला माल फोडून टाकतात.

असे ढीग गोर्योकाळातही होते, प्रत्येक भट्टीच्या बाजूला. आणि पुन्हा वाट सापडली ती या ढिगांमुळेच. यु गुन-ह्योंग (१८९४-१९९३) नावाचे एक कारागीर होते. जपानी अमलातल्या एका कारखान्यात काम शिकलेले. ते जुन्या भट्ट्यांच्या जागा शोधत फिरायचे, खापऱ्या गोळा करायचे, त्यांवरून माती आणि झिलई ताडायचे. सगळं आयुष्य त्यात घालवलं. त्यांच्यासारख्या लोकांमुळे आज इचॉन गावात आणि गांगजिनमध्ये पुन्हा चोंगजा भाजली जाते.

खापऱ्यांनी आणखी एक कोडं सोडवलं. जुन्या इतिहासात नोंद होती की ११५७ साली एका राजाने आपल्या महालाच्या छपरावर सेलाडॉनची कौलं चढवली. हे कुणाला खरं वाटायचं नाही. एवढी महाग वस्तू कौलाला? मग १९६०च्या दशकात इथेच, सादांग-रीच्या मातीत, हिरव्या कौलांचे तुकडे सापडले. नक्षीसकट.

आपल्याकडे म्हण आहे, कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच. मी तर नात. त्या ढिगापाशी उभी राहून मी आजोबांचा विचार करत होते. यांच्याकडे निदान खापऱ्या होत्या. पाचशे वर्षांनी का होईना, कुणीतरी वाकून उचलल्या. आमच्या आव्याच्या जागेवर आता मोबाइलचं दुकान आहे. आणि पाचशे वर्षं थांबायची गरजच नव्हती, जाणकार माणूस अजून जिवंत होता, एका फोनच्या अंतरावर. मीच कधी विचारलं नव्हतं.

बद्द

माझा वाडगा महिन्याभराने भाजून सुवॉनच्या ऑफिसात पार्सलने आला. रंग बरा उतरला होता, एका बाजूला किंचित पिवळसर. कोंबडीछाप करकोचा जागेवर होता. सनबेने टाळ्या वाजवल्या. मी उलटसुलट करून तपासला, माझ्याकडून पास केला, कपड्यांत गुंडाळून हँडबॅगेत घातला आणि कराडपर्यंत मांडीवर नेला.

अप्पांनी तो आधी नुसता हातात तोलला. मग कानाजवळ नेऊन टिचकी मारली. पुन्हा मारली.

'बद्द वाजतोय,' म्हणाले. 'तडा आहे.'

मी म्हटलं, शक्यच नाही, मी बघितलाय. त्यांनी वाडगा खिडकीपाशी नेला, बुडाशी नखाने दाखवलं. केसाएवढी रेघ. क्वालिटीत सहा वर्षं काढलेल्या पोरीला ती दिसली नव्हती आणि एसटीतल्या माणसाने ती ऐकली होती.

मग मी विचारलं. लहानपणापासून जे विचारायचं राहिलं होतं ते सगळं. चाक का विकलं, इथपासून. सुरुवातीला तुटक उत्तरं आली. 'पोरांच्या नावापुढे ते नको होतं,' एवढंच म्हणाले. जेवणं झाल्यावर मात्र उठले, माळ्यावर चढले आणि फडक्यात गुंडाळलेली आजोबांची लाकडी थापी घेऊन खाली आले. चाक विकलं होतं, थापी ठेवली होती. आईलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नदीपलीकडे चुलतकाका अजून पणत्या आणि सुगडं करतात, त्यांच्याकडून माती आणली. अप्पांनी अंगणात बसून ती मळली, खडा न् खडा वेचला. चाक नव्हतं म्हणून हातानंच दोन बोळकी केली, एक त्यांनी, एक मी. दुपारपर्यंत माझं उन्हात तडकलं. संध्याकाळी त्यांचंही.

मला वाटलं आता हिरमुसतील. तर चष्मा वर सरकवून म्हणाले, 'क्वालिटीवाली ना तू? लिही. दोन नग, दोन्ही रिजेक्ट. पुढच्या रविवारी सावलीत वाळवू.'

चौकट : कोरियाला जाणार असाल तर

• सोलचं नॅशनल म्युझियम ऑफ कोरिया : मेट्रोचं स्टेशन इछोन. सेलाडॉनचं दालन तिसऱ्या मजल्यावर, २०२२ मध्ये नव्याने सजवलेलं. ससेवालं धूपपात्र चुकवू नका. बाहेर बागेत सेलाडॉनच्या कौलांचं छप्पर असलेला मंडप आहे, २००९ साली बांधलेला. फोटोसाठी बेस्ट.

• इछोन आणि इचॉन यांत गल्लत करू नका. पहिलं सोलमधलं स्टेशन, दुसरं सोलच्या आग्नेयेला असलेलं कुंभारकामाचं गाव. माझी एकदा झाली आणि एक शनिवार गेला.

• कान्सोंग म्युझियम : सोलमधलं वर्षातले मोजकेच दिवस प्रदर्शनासाठी उघडतं. २०२४ पासून देगू शहरातही त्यांचं म्युझियम आहे. निघण्याआधी तारखा आणि काय मांडलंय ते तपासा.

• गांगजिन : सोलहून एक्स्प्रेस बस. एका दिवसात जाऊन यायचा हट्ट नको, मुक्काम करा. स्वतः केलेलं भांडं भाजून मिळायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पोस्टाचा पत्ता आधीच ठरवून ठेवा.

• विकत घेताना : बुडाकडे बघा. गोर्योच्या उत्तम भांड्यांच्या बुडाला तीन बारीक पांढऱ्या खुणा असतात, भट्टीत ती गारेच्या छोट्या तुकड्यांवर टेकवायचे म्हणून. आजचे चांगले कारागीरही बुडाची बाजू नीट करतात. झिलईतल्या बारीक जाळीदार रेघा हा दोष नाही. पण टिचकी मात्र मारून बघा. खणखणीत वाजलं तर घ्या. बद्द वाजलं तर अप्पांना फोन करा!